पहिल्या मॅचची पंगत

"एवढीशी तर हाय," आई म्हणाली आणि पुण्याच्या त्या मुलीच्या ताटात तिसरी पुरणपोळी पडली.

मुलीचं नाव मृणाल. उंच, खांद्यांनी भरलेली, केस घट्ट बांधलेले. तिनं दोन्ही हात ताटावर आडवे धरले होते, पण माझ्या आईपुढं असल्या हातांचं काही चालत नसे. आई पोळी मोडायची, अर्धी बोटांच्या फटीतून खाली सरकवायची आणि उरलेली अर्धी तिच्या सोबतीला म्हणून वर ठेवायची. आमच्या भावकीतले भलेभले पैलवान या सोबतीपुढं हरलेले मी पाहिले होते.

"मावशी, खरंच नको. आमची मॅच आहे ना."

"मॅच काय पळून चालली व्हय? खा गुमान. माझी शपथ हाय तुला."

शपथ घातल्यावर ती बिचारी काय करणार? तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं, सोडव म्हणून. मी तुपाचं भांडं घेऊन उभी होते.

"उजे, बघत काय उभी राह्यलीस? तूप वाढ तिला," आई म्हणाली. मी वाढलं.

हिंगणमाळच्या शाळेच्या व्हरांड्यात ती पंगत बसली होती. आम्ही मुली वाढत होतो आणि सुभेदार हात पाठीमागं बांधून पंगतीतून फिरत होते. "पाहुण्याचं ताट रिकामं दिसता कामा नये," ते मधूनमधून म्हणत. लग्नात करवलीला करवली नेमून देतात, तशी त्यांनी आम्हा प्रत्येकीला एकेक पाहुणी नेमून दिली होती. मैदानात जी आपल्यासमोर उभी राहणार, तिचं ताट आपण सांभाळायचं. आम्हाला त्याची गंमतच वाटली होती. मृणाल माझ्या वाट्याला आली होती.

आम्ही स्वतः काही जेवलो नव्हतो. पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय घरच्या माणसांनी जेवायचं नसतं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. सकाळी सुभेदारांनी प्रत्येकीच्या हातात दोन केळी आणि गुळाचा खडा ठेवला होता, तेवढ्यावर आम्ही उभ्या होतो. पोटात कावळे ओरडत होते आणि नाकाशी पुरणाचा वास.

सुभेदार म्हणजे सर्जेराव निकम. फौजेतून पेन्शनीत आले ते सोबत रग्बीचा एक लांबट चेंडू घेऊन. गावात आधी त्या चेंडूचंच हसू झालं. पारावरची म्हातारी माणसं म्हणायची, "सुभेदार, ह्यो तुमचा बॉल वाळल्याला नारळ हाय का शहामृगाचं अंडं?" सुभेदार चिडत नसत. आम्ही शाळेच्या कबड्डीच्या टीममधल्या मुली, खेळायला कबड्डीशिवाय काही नव्हतं आणि कबड्डीला तालुक्यात आमच्याहून तगड्या टीम होत्या. सुभेदारांनी आम्हाला माळावर नेलं. "इथं चेंडू मागं फेकायचा आन् आपण पुढं जायचं," ते म्हणाले. आम्ही खो खो हसलो. पण पळत येणाऱ्या मुलीला कमरेत मिठी मारून आडवं करायचं म्हटल्यावर आम्हाला ते एकदम पटलं. ते काम आम्ही कबड्डीत करतच होतो.

उन्हाळाभर आम्ही माळावरचे दगड वेचले. गोलचे खांब बांबूचे होते. त्यांना मधे आडवा बांबू बांधायला माझा बाप शिडी घेऊन आला होता, तेही कुरकुरत. त्याचं म्हणणं साधं होतं. "ह्या खेळाचं सर्टिफिकेट मिळणार असंल तर खेळ. पोलीस भरतीला चालतं म्हणत्यात. न्हाईतर मामानं स्थळ आणलंय, ते बघू." सर्टिफिकेट मिळायचं तर आधी आमच्या क्लबला मान्यता पाहिजे होती, आणि मान्यता द्यायची की नाही हे बघायलाच पुण्याच्या कर्णिक मॅडम आपली टीम घेऊन आल्या होत्या. मॅच खेळायची, मैदान बघायचं, माणसं बघायची आणि वर राज्य संघटनेला कळवायचं. मामानं आणलेल्या स्थळाचं किराणा दुकान होतं आणि त्या मुलाला मी एकदा पाहिलं होतं. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आदल्या दिवशी सुभेदार आमच्या घरी आले होते. गावात कुणाच्याही कार्याला स्वयंपाकाची पुढारी माझी आईच. हौसाक्कांनी हात लावला की जेवण पुरतं, असा तिचा लौकिक.

"जेवान दुपारीच घाला हौसाक्का," सुभेदार म्हणाले. "आल्या आल्या."

आई चुलीपुढून म्हणाली, "खेळायच्या आदी? जड न्हाई व्हायचं पोरींला?"

"पाहुण्याला उपाशी खेळवायचं का? गावाची काय शोभा राहील? आन् आग्रह असा करा, की पुण्यात नाव निघालं पाहिजे."

एवढं म्हटल्यावर आईला आणखी काही नको होतं. पहाटेपासून ती आणि तिच्या दोन जावा पुरणावर बसल्या. येळवणीची आमटी, भात, कुरडया, गुळवणी, दूध. आयुष्यात पहिल्यांदा पुण्याची माणसं आपल्या हातचं खाणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पंगत उठली तेव्हा पाहुण्या मुली भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक म्हणाली, "देवा, मला आता फक्त झोप पाहिजे." सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली. तृप्त माणसं बघितली की तिचं तोंड उजळायचं.

मग सुभेदारांनी शिट्टी वाजवली.

ऊन रणरणत होतं. माळावर अख्खं गाव लोटलेलं. मॅच फार लांबली नाही. सात-सात जणींचा खेळ, दोन छोटे डाव. पहिल्याच चढाईत चेंडू माझ्याकडं आला. समोर मृणाल होती. आम्हाला सुभेदारांनी आधीच बजावलं होतं की ही पोरगी राज्याच्या टीमला खेळलेली आहे, तिला चुकवणं सोपं नाही. मी मनात म्हटलं, आता आपलं हाड मोडतंय. पण ती वळलीच नाही. वळायला गेली आणि जागच्या जागी थांबली, पोटावर हात धरून. मी तिच्या शेजारून मोकळी निघून गेले आणि चेंडू रेषेपलीकडं टेकवला. आमच्या क्लबचा पहिला ट्राय तो.

गावानं आरोळ्या ठोकल्या. टोप्या उडाल्या. माझा बाप शिडीवर चढून बघत होता, तो वरूनच नाचायला लागला.

मग आम्ही ट्रायवर ट्राय करत सुटलो. त्यांची एक मुलगी पळता पळता बसली. दुसरी रेषेबाहेर गेली आणि ओकली. पोरं हसली. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "पुण्याच्या पोटाला गावचं तूप झेपत न्हाई." त्यावर आणखी हशा. मृणाल दुसऱ्या डावात बांबूच्या खांबाशी गुडघ्यावर बसली होती. तिचे खांदे हलत होते आणि तोंडातून पिवळं पुरण येत होतं. मी चेंडू घेऊन तिच्याजवळून दुसऱ्यांदा गेले. तेव्हा मला आनंदच झाला होता. खोटं कशाला सांगू? राज्याच्या टीमची मुलगी माझ्या पायांशी बसली होती आणि मी अठरा वर्षांची होते.

मॅच संपली. त्यांचा एकही ट्राय झाला नव्हता. गावानं आम्हाला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला. सुभेदारांना फेटा बांधला. शाळेच्या व्हरांड्यात परत आलो तेव्हा पाहुण्या मुली पंख्याखाली आडव्या पडल्या होत्या आणि आई त्यांना लिंबाचं पाणी देत फिरत होती. तिला काय झालंय ते नीट उमगलं नव्हतं. ऊन लागलं असेल, असंच ती म्हणत होती.

कर्णिक मॅडम बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या सुभेदारांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"निकम साहेब, मी तुम्हाला फोनवर काय सांगितलं होतं?"

सुभेदार फेटा सारखा करत होते. "काय मॅडम?"

"मॅचच्या आधी मुलींना फक्त केळी आणि पाणी. जेवण मॅचनंतर, दोन्ही टीमचं एकत्र. हे मी सांगितलं होतं. आणि हे सांगायचीही गरज नव्हती. तुम्ही फौजेत हा खेळ खेळलेले आहात. दोन्ही टीम मॅचनंतर एका पंगतीला बसतात, ही रीत तुम्हाला माहीत आहे."

फोन गावात एकाच घरी होता, सुभेदारांच्या. मी गुलालानं भरलेली खांबाला टेकून उभी होते आणि मला सकाळची केळी आठवली. सुभेदारांनी प्रत्येकीच्या हातात आपल्या हातानं ठेवलेली. मग ताटं नेमून दिलेली आठवली.

सुभेदारांनी फेट्यावरचा हात काढला. मग हसले.

"बायकांचा घोळ झाला मॅडम," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं मॅचनंतर. पण ह्यांना कुठं काय कळतंय खेळातलं? पाहुणं आलं की घाल जेवायला. वर ह्यो आग्रह. ह्यांच्या आग्रहापुढं माझं काय चालतंय?"

आई हातात लिंबाच्या पाण्याची घागर घेऊन तिथंच उभी होती. मॅडम तिच्याकडं वळल्या.

"मावशी, जेवण आधी वाढायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आई सुभेदारांकडं बघत राहिली. त्यांनी नजर दिली नाही, ते फेट्याचा शेमला मागं टाकत होते. मग आईनं माझ्याकडं बघितलं. कपाळावर गुलाल, अंगात नवी जर्सी, क्लबचं नाव छापलेली. मी बोलायला तोंड उघडलं. मी खरंच उघडलं होतं. आईनं घागर खाली ठेवली आणि माझं मनगट धरलं. तिचा हात तुपानं अजून बुळबुळीत होता, पण पकड अशी की मला हलता येईना.

"कुनी न्हाई सांगितलं," आई म्हणाली. "माझंच डोकं. मला वाटलं, लांबनं आल्यात पोरी, भुकेल्या असतील."

"नक्की?"

"व्हय. चूक माझीच हाय. ह्या पोरींचा काय संबंध न्हाई त्यात. आन् ह्यांचाबी न्हाई."

"मला वर काय कळवायचं, हा प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम केलं असेल तर या क्लबला मी मान्यता देऊ शकत नाही. यापुढं कधीच नाही."

"मुद्दाम कशाला करंल कोण?" आई म्हणाली. "कुनी जेवान घालून दावा साधतं का, बाई?"

हे तिनं सुभेदारांकडं न बघता म्हटलं. सुभेदारांनी फेटा काढून हातात घेतला.

मग आईनं माझं मनगट सोडलं आणि ती मृणालपाशी गेली. मृणाल भिंतीला टेकून बसली होती, तोंड पांढरं पडलेलं. माझी आई, जिच्या पाया पडायला गावातल्या सुना रांगेनं यायच्या, ती त्या पोरीपुढं फरशीवर बसली आणि तिनं हात जोडले.

"पोरी, माफ कर मला. माझ्यापायी तुझा खेळ गेला."

मृणालनं डोळे उघडले. ती वाईट मुलगी नव्हती. पण तिचं पोट पिळवटलेलं होतं आणि तिच्यासमोर अख्खं गाव हसलं होतं.

"मावशी, मी तुम्हाला तीन वेळा नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही शपथ घातली."

आईचे हात तसेच जोडलेले राहिले. मग तिनं पदरानं फरशीवर सांडलेलं पाणी पुसलं आणि उठली.

मॅडमनी चांगुलपणानं कळवलं. गावाकडची अजाणता झालेली चूक, मैदान उत्तम, मुलींमध्ये दम आहे, असं काहीसं. दिवाळीच्या आधी मान्यता आली. पण मॅच झाली त्या रात्री आमच्या घरी मी आणि आई परसात भांडी घासायला बसलो होतो. ढीगभर भांडी होती. घासता घासता मी विचारलं, "का खोटं बोललीस? तुला त्यांनीच सांगितलं होतं. मी होते तिथं."

"राख आण," आई म्हणाली.

मी राख आणली. "मी उद्या मॅडमना फोन करून सांगते."

"कुठनं करशील? फोन सुभेदारांच्याच घरात हाय." परातीचा काठ घासत राहून ती पुढं म्हणाली, "ते न्हाईत तर तुमास्नी कोण शिकवणार? मी? मला कुठं काय कळतंय खेळातलं."

सुभेदारांचेच शब्द ते, तसेच्या तसे. ती रागानंही म्हणाली नाही. मला तिच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून मी खाली मान घालून घासत राहिले. दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही आणि तिसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. सुभेदारांनी मला कॅप्टन केलं. मी झाले.

क्लबनं पुढं नाव काढलं. आता तिथं गवताचं मैदान आहे, लोखंडी खांब आहेत, मुलांचीही टीम आहे. मला सर्टिफिकेट मिळालं, भरतीत घेतलं, आज मी सातारला पोलीस हवालदार आहे. ठाण्यात कुणी पटकन "चूक माझीच" म्हणालं की मी त्या माणसाच्या मागं कोण उभं आहे ते आधी बघते. सवयच लागली आहे. सुभेदार जाऊन बरीच वर्षं झाली. क्लबच्या ऑफिसात त्यांचा फेटा घातलेला फोटो आहे. तो फेटा त्याच दिवशीचा. शेवटपर्यंत ते आमच्या घरासमोरून जाताना मान खाली घालून जायचे, एवढं मी सांगू शकते. घरात पाऊल मात्र कधी टाकलं नाही.

गेल्या माघात क्लबचा मोठा कार्यक्रम झाला. मंडप, स्पीकर, जुन्या खेळाडूंचा सत्कार. आताचे अध्यक्ष तरुण आहेत, बोलके आहेत. त्यांनी माईकवरून क्लबच्या स्थापनेची गोष्ट सांगितली. ती आता गावात सगळ्यांना पाठ आहे. "आपली पहिली मॅच कुणी जिंकली माहीत आहे का? हौसाक्कांच्या पुरणपोळीनं! बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं, मॅचच्या आधी जेवायचं नसतं." मंडप हसून हसून लोटपोट. आईला स्टेजवर बोलावलं. तिच्या हातात साडी आणि नारळ दिला. ती पदर तोंडाला लावून हसत होती, लोकांबरोबर. अध्यक्ष म्हणाले, "आजी, आज पण आग्रह करणार का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा हशा.

त्यानंतर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माईकपाशी गेले. आई पहिल्या रांगेत नारळ मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडं तशीच बघत होती, त्या दिवशी मनगट धरून बघितलं होतं तशी. मी बांबूच्या खांबांबद्दल बोलले. शिडीवरून नाचणाऱ्या माझ्या बापाबद्दल बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी घरी आलो. मला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं, म्हणून आईनं पोळ्या केल्या होत्या. म्हातारी झाली तरी पुरण तसंच. माझ्या ताटात एक पोळी वाढली, तूप सोडलं. मी खाल्ली. ती पोळ्यांची बुट्टी घेऊन आली.

"वाढू?"

"नको," मी म्हणाले. पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. तसंच शिकले मी, तिच्याच हाताखाली. समोरच्यानं मग म्हणायचं असतं, घे गं, एवढीशी तर हाय.

आईनं बुट्टीवर फडकं टाकलं आणि ती आत ठेवायला निघाली.

मला एकदम कळलं की ही आजची गोष्ट नाही. त्या पंगतीनंतर तिनं माझ्या लग्नात, बारशात, गावातल्या कुठल्याही कार्यात कुणाला दुसऱ्यांदा विचारलेलं मी ऐकलेलंच नाही. लोक म्हणायचे, हौसाक्का थकल्या. मीही तेच म्हणत आले होते.

"आई," मी म्हणाले, "वाढ की."

ती दारात थांबली. वळून माझ्याकडं नीट बघितलं, मी खरंच म्हणतेय का ते.

"नगं म्हणालीस न्हवं तू?" ती म्हणाली.

मी ताट पुढं केलं. ती परत आली, फडकं काढलं, आणि अर्धीच पोळी मोडून ताटात ठेवली. उरलेली अर्धी तिनं बुट्टीत परत टाकली.